बॅकअपची वेळ बदलायची आहे? मग मॅन ५ क्रॉनटॅब

आमच्याकडून लिनक्स बसवून घेतलेल्या दुकाने, दवाखाने आणि पतसंस्थांसाठी

"मॅन क्रॉनटॅब उघडलं, सगळं वाचलं, पण वेळ कशी लिहायची ते कुठेच नाही." मार्चअखेर जवळ आली की हा फोन हमखास येतो. (क्रॉनटॅब म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची यादी आणि ती हाताळणारी कमांड; मॅन म्हणजे लिनक्समधली माहितीची पाने दाखवणारी कमांड.) फोन करणाऱ्याने पान खरोखर वाचलेले असते आणि त्यात ती माहिती खरोखर नसते. क्रॉनटॅब नावाची पाने दोन आहेत आणि उघडलेले असते ते दुसरेच.

मॅन-पाने क्रमांक दिलेल्या विभागांत असतात. १ मध्ये रोजच्या कमांड, ५ मध्ये फाइलींचे नियम, ८ मध्ये सिस्टिम सांभाळणाऱ्याच्या कमांड. बाकीच्यांशी तुमचे काम क्वचितच पडेल. ६ तर खेळांसाठी आहे. नुसते नाव दिले की मॅन आधी सापडलेले एकच पान दाखवते. क्रॉनटॅबचे ते पान विभाग १ मधले, म्हणजे कमांडचे. वेळेचे रकाने विभाग ५ मध्ये आहेत, म्हणून मध्ये आकडा घाला: मॅन ५ क्रॉनटॅब. पासवर्डच्या फाइलीचेही तसेच: मॅन ५ पासडब्ल्यूडी. एका नावाची किती पाने आहेत हे 'व्हॉटइज क्रॉनटॅब' एका झटक्यात सांगते. (कमांड आणि अंक इथे मराठीत छापले आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायचे.)

हे पान सापडले नाही की मोबाइलवरून कुठली तरी ओळ उचलली जाते, आणि आमचा खरा वेळ जातो तो त्यानंतर. रात्री ९ ला बॅकअप हवा म्हणून कोणी '२१ ० * * *' लिहितो. पहिला रकाना मिनिटाचा, दुसरा तासाचा, पुढचे तारीख, महिना आणि वाराचे; * म्हणजे 'प्रत्येक'. म्हणजे बॅकअप रात्री १२ वाजून २१ मिनिटांनी, जेव्हा मशीन बंद असते. कोणी '* २१ * * *' लिहितो, मग ९ ते १० या तासात दर मिनिटाला एक, असे ६० बॅकअप सुरू होतात आणि डिस्क भरल्याची तक्रार आमच्याकडे येते. बरोबर ओळ '० २१ * * *'. तारीख आणि वार दोन्ही भरलेत तर दोन्ही जुळण्याची वाट पाहिली जात नाही, एक जुळले तरी काम सुरू होते. तेही त्याच पानावर लिहिले आहे.

कमांडचे नावच माहीत नसेल तर 'मॅन डॅश के' आणि पुढे एखादा इंग्रजी शब्द. हा शोध फक्त नावात आणि एका ओळीच्या वर्णनात होतो, त्यामुळे शब्द साधा द्या. काहीच सापडत नसेल तर एकदा 'सुडो मॅनडीबी' चालवून सूची नव्याने बनवा. सीडीसारख्या बॅशच्या (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्वतःच्या कमांडसाठी 'हेल्प सीडी'. पानात शोधायला तिरकी रेघ आणि शब्द, पुढच्या जागी जायला एन, बाहेर पडायला क्यू. कंट्रोल-झेड दाबू नका. त्याने पान बंद होत नाही, मागे अडकून राहते.

छापील पुस्तिका का देत नाही, असे काही जण विचारतात. मशीनवरचे पान त्या सॉफ्टवेअरबरोबरच येते आणि अपडेट झाले की तेही बदलते. कागद बदलत नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या मिनिमल (कमीत कमी गोष्टी असलेल्या) आवृत्तीत ही पाने काढून टाकलेली असतात. तिथे आम्ही 'अनमिनिमाइझ' चालवून ती परत आणतो. बसवायला आमच्याकडे थोडा जास्त वेळ लागतो, त्याचे हेही एक कारण.

हे सगळे स्वतः करायचे नसेल तरी हरकत नाही. वार्षिक देखभाल करारात वेळ बदलून देणे धरलेले आहे, आणि करार असलेल्यांच्या दोन कर्मचाऱ्यांना आम्ही तुमच्याच ऑफिसात येऊन वेगळे पैसे न घेता शिकवतो. करार नसेल तर भेटीचा आकार लागेल. फोन करताना 'क्रॉनटॅब डॅश एल' चालवून स्क्रीनवर आलेली ओळ रकान्यांसकट वाचून दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच काम होते.