शोधप्रबंध ‘शोधगंगा’त जमा करताना: पात्रता, कागदपत्रे आणि फाईलची तयारी

मौखिकी पार पडली, परीक्षकांचे अहवाल अनुकूल आले आणि पुष्पगुच्छांची छायाचित्रे काढून झाली, की पीएच.डी.चे काम संपले असे अनेक संशोधक विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात एक टप्पा उरलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार, मूल्यमापन यशस्वीपणे पूर्ण झाल्यानंतर आणि पदवी जाहीर होण्यापूर्वी शोधप्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठाने गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना माहितीसेवा पुरवणाऱ्या केंद्राकडे सादर करावयाची असते. हे केंद्र ती ‘शोधगंगा’ या मुक्त भांडारात ठेवते आणि तेथून ती कोणालाही विनाशुल्क वाचता येते. इलेक्ट्रॉनिक प्रतीचे बंधन नवे नाही. ते २००९ च्या नियमांपासून चालत आले असून २०१६ च्या नियमांतही कायम होते.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील संशोधक डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीतील संशोधक स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील प्रबंधांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ‘कृषिकोश’ हे वेगळे भांडार आहे आणि तेथे पदव्युत्तर प्रबंधही घेतले जातात. ‘शोधगंगा’त विद्यार्थ्याने स्वतः खाते उघडून प्रबंध चढवावयाचा नसतो. विद्यापीठ आणि इन्फ्लिबनेट यांच्यात सामंजस्य करार झालेला असतो आणि विद्यापीठाने नेमलेला समन्वयक, जो बहुधा ज्ञानस्रोत केंद्राशी म्हणजे ग्रंथालयाशी संबंधित असतो, हे काम करतो. म्हणून अर्ज, सीडी वा पेनड्राइव्ह आणि सोबतची कागदपत्रे विद्यापीठाच्या चालू परिपत्रकात सांगितलेल्या विभागातच द्यावीत. मागच्या वर्षी पदवी घेतलेल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नये.

पात्रतेचा प्रश्न फारसा गुंतागुंतीचा नाही. ज्याचा प्रबंध मूल्यमापनात मान्य झाला आहे, त्याची प्रत जमा होते. विषय, भाषा किंवा संशोधन केंद्र विद्यापीठात आहे की संलग्न महाविद्यालयात, याने फरक पडत नाही. एम.फिल. २०२२ च्या नियमांनी बंद झाली असली, तरी पूर्वीचे प्रबंध भांडारात आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पदवी मिळवलेल्या प्राध्यापकांना आपला छापील प्रबंध भांडारात यावा असे वाटत असल्यास त्यांनी ग्रंथालयाला लेखी संमतिपत्र देऊन चौकशी करावी, कारण जुन्या प्रबंधांचे डिजिटायझेशन विद्यापीठाच्या स्तरावर होते.

कागदपत्रांत मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचे मौलिकतेचे प्रतिज्ञापत्र, साम्यता तपासणीचा (म्हणजे मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो याचा) अहवाल आणि प्रबंध मुक्तपणे उपलब्ध करून देण्यास संमती देणारे पत्र ही प्रमुख होत. साम्यतेविषयी यूजीसीचे २०१८ चे नियम लागू आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यतेस दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. आणि साठच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे मोजणीतून वगळली जातात, तसेच सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य जुळणीही. अहवालावर टक्केवारी वाढलेली दिसली, की आधी या गोष्टी वगळल्या आहेत का हे पाहावे. पुष्कळ वेळा विनाकारण घबराट उडते.

माझ्या मते सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती फाईलची, आणि तिथेच मराठीतून लिहिणाऱ्या संशोधकाचे नुकसान होते. प्रबंधाची प्रकरणनिहाय वेगळी पीडीएफ लागते: मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण, निष्कर्ष, संदर्भसूची आणि परिशिष्टे, क्रमांकांसह आणि पासवर्डविना. हे बहुतेकांना जमते. अडचण अक्षरांची आहे. मराठी प्रबंध अजूनही कित्येकदा टायपिंग सेंटरवर जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये बसवले जातात. कागदावर ते देखणे दिसतात. पण संगणकाच्या दृष्टीने त्या फाईलमध्ये मराठी नसतेच, तर मराठीच्या आकारात रंगवलेली इंग्रजी अक्षरे असतात. अशा प्रबंधात ‘दुष्काळ’ हा शब्द शोधला तर तो सापडत नाही, आणि साम्यता तपासणारी प्रणालीही मजकूर वाचू शकत नाही, त्यामुळे तिचा अहवाल निरर्थक ठरतो. छापील प्रत स्कॅन करून दिली तर पानांची केवळ चित्रे होतात आणि तिथेही तोच प्रश्न उभा राहतो.

याची परीक्षा सोपी आहे. पीडीएफ उघडून एक ओळ निवडावी, तिची नक्कल करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे वाचण्याजोगे मराठी उमटले तर फाईल ठीक, आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकतात, म्हणून एकदा संपूर्ण मुद्रितशोधन करावे लागते आणि त्यासाठी आठवडाभर वेळ हाताशी असावा. खरे तर प्रबंध पहिल्या प्रकरणापासूनच युनिकोडमध्ये लिहावा, आणि टायपिंग सेंटरला पैसे देण्यापूर्वी हे बजावून सांगावे.

शीर्षक, संशोधकाचे व मार्गदर्शकाचे नाव, विभाग, भाषा, सारांश आणि विषयशब्द (ज्यांवरून प्रबंध शोधला जातो ते शब्द) ही माहिती नोंद करताना लागते. विषयशब्द मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्यावेत. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हा विषयशब्द नव्हे. ‘ऊसतोड कामगार’, ‘बीड जिल्हा’, ‘स्थलांतर’ हे विषयशब्द आहेत.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. क्षेत्रकार्यावर आधारलेल्या प्रबंधांच्या परिशिष्टात मुलाखत दिलेल्या स्त्रियांची नावे, गावे, आजार, कधी मोबाइल क्रमांकही जसेच्या तसे आढळतात. विद्यापीठाच्या कपाटातली प्रत दोन-चार जण चाळत असत. भांडारातली प्रत गावातला मुकादमही फोनवर उघडू शकतो. नावांऐवजी संकेतांक द्यावेत आणि स्वाक्षऱ्या, ओळखपत्रे, भरलेल्या प्रश्नावल्या मार्गदर्शकाच्या संमतीने इलेक्ट्रॉनिक प्रतीतून वगळाव्यात. हे काम प्रबंध सादर करण्यापूर्वीच करावे, कारण मान्य झालेल्या प्रतीत नंतर बदल करणे अवघड असते.

प्रत जमा केल्याने लेखकाचा हक्क जात नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. संमतिपत्राने आपण वाचण्याची मुभा देतो. दुसऱ्याची छायाचित्रे, नकाशे किंवा अप्रकाशित पत्रे वापरली असतील तर मात्र त्यांची परवानगी सोबत असावी. संशोधनातून पेटंट मिळण्याची शक्यता असेल, तर प्रबंध खुला होण्यापूर्वी पेटंटचा अर्ज दाखल झाला पाहिजे, कारण आधी प्रसिद्ध झालेली गोष्ट नवी ठरत नाही. अशा वेळी, किंवा प्रबंधाचे पुस्तक प्रकाशकाकडे असताना, प्रत काही काळ बंद ठेवण्याची विनंती कारणासह लेखी करावी. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही.

संशोधन निबंधांसाठी विद्यापीठाचे स्वतःचे भांडार उपयोगी पडते, आणि ते उभारण्याची अपेक्षा २०१८ च्याच नियमांत आहे. तेथे नियतकालिकाने मांडणी करून छापलेली पीडीएफ सरसकट देऊ नये. अनेक प्रकाशक फक्त लेखकाकडची स्वीकृत प्रत ठेवू देतात, म्हणून त्यांचे धोरण आधी पाहावे.

नोंद प्रसिद्ध झाली, की प्रबंधाला ‘१०६०३’ ने सुरू होणारा कायमचा हँडल क्रमांक, म्हणजे न बदलणारा दुवा, मिळतो. पान उघडून नावाचे स्पेलिंग, मार्गदर्शकाचे नाव, वर्ष आणि प्रत्येक प्रकरणाची फाईल उघडते की नाही हे स्वतः तपासावे आणि चूक आढळल्यास विद्यापीठाच्या समन्वयकाला दुव्यासह लेखी कळवावे. सहायक प्राध्यापकपदाच्या अर्जात किंवा बायोडेटात संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता न देता हाच हँडल द्यावा.