मॅक्सिमा ‘एर्फ’ लिहितं तेव्हा

इंटिग्रेशन शिकणाऱ्यांच्या वह्यांत एक चूक हमखास सापडते. ‘ई’चा (म्हणजे सुमारे २.७१८ या संख्येचा) क्ष-वर्ग घात इंटिग्रेट करायला सांगितला, की उत्तर येतं: तेच फंक्शन, भागिले दोन क्ष. दिसायला अगदी रुबाबदार. पण इंटिग्रेशन ही डेरिव्हेटिव्हची उलट क्रिया, तेव्हा या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून बघा. मूळ फंक्शन मिळतं खरं, पण त्यामागे एक शेपूट लागतं: वजा तेच फंक्शन, भागिले दोन क्ष-वर्ग. छेदातही क्ष आहे, याचा लिहिणाऱ्याला विसर पडलेला असतो. मग बरोबर उत्तर काय? ते आपल्याला सापडत नाही, की मुळात नाहीच?

हा प्रश्न ज्याला विचारता येतो असं सॉफ्टवेअर लिनक्सवर फुकट मिळतं. मॅक्सिमा. एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पाचं हे वंशज, लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. विल्यम शेल्टर यांनी त्याची एक आवृत्ती १९८२ पासून सांभाळली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची परवानगी मिळवून ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुली केली. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल मॅक्सिमा डब्ल्यूएक्समॅक्सिमा’ एवढं टाइप केलं (रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान) की काम झालं. फेडोरावर एपीटीऐवजी डीएनएफ, आणि दुसऱ्या नावातला मॅक्सिमाचा ‘एम’ मोठा. यातलं दुसरं पॅकेज म्हणजे खिडक्या-बटणांचा दर्शनी भाग. तिथे ओळ लिहून शिफ्ट-एंटर दाबायचं.

टर्मिनलमधल्या मॅक्सिमाशी बोलायच्या मात्र काही रीती आहेत. ओळीच्या शेवटी अर्धविराम (किंवा डॉलरचं चिन्ह) हवाच. तो नसला तर एंटर दाबूनही काही घडत नाही आणि नवशिक्याला वाटतं, मशीन अडकलं. ते अडकलेलं नसतं, तुमचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत असतं. दुसरी गंमत ‘ई’ची. नुसतं ‘ई’ लिहिलं तर मॅक्सिमाच्या लेखी ते एक साधं अज्ञात अक्षर. ई-चा-क्ष-घात इंटिग्रेट करायला सांगितलं तर उत्तराच्या छेदात ‘लॉग ई’ बसलेला दिसतो, आणि तो बरोबरच असतो. आपल्याला हवा असलेला ई लिहायचा तर त्याआधी टक्क्याचं चिन्ह लागतं. पायचंही तसंच. आणि क्षचा एन-घात इंटिग्रेट करायला सांगा, ते उलट तुम्हालाच विचारतं: एन उणे एक आहे का? कारण तसं असेल तर उत्तर लॉगमध्ये जातं. मला या सॉफ्टवेअरची ही सवय फार आवडते.

आता आपलं मूळ फंक्शन द्या. उत्तरात पायचं वर्गमूळ, काल्पनिक संख्या आणि ‘एर्फ’ नावाचं एक फंक्शन येतं. हे एर्फ काय? ई-चा-वजा-क्ष-वर्ग-घात याच्या इंटिग्रेशनलाच, एका स्थिर संख्येने गुणून, दिलेलं नाव. म्हणजे प्रश्नाचं बारसं करून तो परत केला! ही पळवाट वाटते, पण ती नाही. ओळखीच्या फंक्शन्समध्ये, म्हणजे बहुपदी, मुळं, लॉग, एक्स्पोनेन्शियल, साइन-कोसाइन यांच्या कुठल्याही मर्यादित जोडणीत, हे उत्तर लिहिताच येत नाही. आणि हे सिद्ध करता येतं.

लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३०च्या दशकात दाखवलं की अशा वेळी उत्तर असलंच, तर त्याचा साचा ठरलेला असतो: तेच एक्स्पोनेन्शियल, गुणिले एक परिमेय फंक्शन, म्हणजे बहुपदी भागिले बहुपदी. त्याला ‘र’ म्हणू. या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह मूळ फंक्शनबरोबर मांडून एक्स्पोनेन्शियल दोन्हीकडून काढून टाका. उरतं एक साधं समीकरण: र-चं डेरिव्हेटिव्ह, अधिक दोन-क्ष-गुणिले-र, बरोबर १.

र बहुपदी असू शकेल? दोन क्षने गुणल्यावर तिची कोटी (क्षचा सर्वांत मोठा घात) एकाने वाढते, डेरिव्हेटिव्हची कोटी कमी होते, म्हणजे सर्वांत मोठं पद छाटायला कुणीच नाही. डाव्या बाजूला निदान क्ष तरी राहणार, उजवीकडे आहे नुसता १. मग र-ला छेद असेल? समजा छेदात (क्ष वजा अ)चा तिसरा घात आहे. डेरिव्हेटिव्हच्या छेदात तो चौथा होतो, दुसऱ्या पदात मात्र तिसऱ्याच्या वर जात नाही. पुन्हा छाटणारं कुणी नाही. तिसऱ्याच्या जागी कोणताही घात घ्या, हेच होतं. (‘अ’ काल्पनिक असला तरीही.) रस्ते दोनच होते, दोन्ही बंद. याउलट मूळ फंक्शनला आधीच क्षने गुणलेलं असतं तर उजवीकडे क्ष आला असता, आणि र बरोबर अर्धा, झालं.

रॉबर्ट रिश यांनी १९७०च्या सुमारास याच विचारातून सर्वसाधारण रीत बांधली. लॉगमध्ये एक्स्पोनेन्शियल, त्यात पुन्हा लॉग अशा थरांच्या उतरंडीतून एकेक थर सोलत ती अशाच समीकरणांपाशी येते. ‘एआयने गणित जिंकलं’ छापाच्या मथळ्यांनी हुरळून जाणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. पटेल असं वाक्य रचणं वेगळं आणि सगळे रस्ते बंद असल्याचं दाखवणं वेगळं.

मॅक्सिमालाही सगळं येतं असं नाही. रिशच्या रीतीचा वर्गमुळांसारख्या बैजिक फंक्शन्सचा भाग त्यात बसवलेलाच नाही. त्यामुळे ते इंटिग्रेशनचं चिन्ह जसंच्या तसं परत करतं, तेव्हा तो निकाल समजू नका. फ्रायकॅस हे दुसरं मुक्त सॉफ्टवेअर या बाबतीत बरंच पुढे आहे. मिळालेलं उत्तर मात्र नेहमी तपासता येतं: ‘डिफ’ने डेरिव्हेटिव्ह काढा, मूळ फंक्शन वजा करा, ‘रॅटसिम्प’ ही राशी सोपी करणारी आज्ञा लावा. शून्य आलं तर उत्तम. नाही आलं तर ‘ट्रिगसिम्प’ किंवा ‘रॅडकॅन’ या तशाच आज्ञा लावून बघा, कारण एखादी राशी शून्य आहे की नाही हे हमखास ओळखणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्येच सिद्ध केलं आहे. तरीही अडलं, तर क्षच्या जागी दोन-चार वेगवेगळ्या संख्या घाला. एकीला जरी ठळकपणे शून्याहून वेगळं काही आलं, तर उत्तर चुकलेलं आहे.