मान आणि हक्क: आखाजीचं माहेर आणि सातबाऱ्यावरचं नाव

"आमच्या खान्देशात लेकीला फार मान," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, आणि ते खोटं नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की लेकींना आणायला घरोघरचे मुराळी निघतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, दुपार अहिराणी गाण्यांनी भरून जाते. सांजोऱ्या, खापरावरचे मांडे, आमरस, निघताना साडी. दिवाळीपेक्षा आखाजीची वाट पाहणाऱ्या बाया मी घरात पाहिल्या आहेत.

नंदुरबारच्या एका शाळेत मी आठवी-नववीला शिकवते. शांतता, मानवी हक्क आणि लिंगभाव हे विषय शिकवताना मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती याच जागी. "मुलामुलींना समान हक्क आहेत का?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो मॅडम, आमच्या घरी ताईचे खूप लाड करतात." प्रश्न हक्काचा असतो, उत्तर मानाचं येतं. पालकसभेतही हेच होतं, म्हणून चूक फक्त मुलांची म्हणता येत नाही.

मान कोणीतरी देतं. तो देणाऱ्याच्या मनावर, ऐपतीवर आणि बहुतेक वेळा घेणारीच्या वागण्यावर ठरतो. लेक नीट नांदली, सासरची गाऱ्हाणी घेऊन आली नाही, घरच्यांच्या पसंतीनं लग्न केलं, तर मान मोठा. यातलं काही बिनसलं की मुराळी उशिरा निघतो, कधी निघतच नाही. हक्काचं तसं नसतं. भांडखोर लेक, नवऱ्याला सोडून आलेली लेक, दुसऱ्या जातीत लग्न केलेली लेक, सगळ्यांचा वाटा सारखाच. तो कोणी खुशीनं दिलेला नसतो, म्हणून कोणी रुसून काढूनही घेऊ शकत नाही.

ओळखायची एक खूण मी मुलांना सांगते: मागणी करून बघा. मान मागितला की त्याची किंमत जाते. "मला साडी द्या" असं म्हणून मिळालेल्या साडीत काय राहतं? हक्क मागितल्यानं मात्र कमी होत नाही. उलट तो अडवणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं.

आता कायदा. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या वाट्याच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, पत्नी आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, हे सारखे वारस असतात, हे तेव्हापासूनचं. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र जन्मानं हक्क फक्त मुलग्याला होता. मुलीलाही तो देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं 1994 मध्ये केली, पण ती त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती. देशभरासाठी ती झाली 9 सप्टेंबर 2005 पासून, आणि लग्न झालेल्या मुलीही तिच्यात आल्या. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं राहिलेली शंकाही मिटवली: मुलीचा हक्क जन्मानंच आहे, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडता येत नाहीत. आणि वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन ते मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतात, हेही लक्षात ठेवावं लागतं.

इतकं सगळं कागदावर असताना जमीन भावांच्याच नावे कशी राहते? हक्कसोड पत्रानं. बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही-अंगठा करते आणि आपला वाटा भावाला सोडते. "माले काही नको रे भाऊ" हे नुसतं तोंडी म्हणून कायद्यानं काही सुटत नाही. पण नोंदणी केलेल्या कागदावरची सही सुटली की सुटली. ती दबावाखाली किंवा फसवून घेतली होती, हे कोर्टात सिद्ध करणं फार कठीण असतं.

माझ्या फुईनं, म्हणजे आत्यानं, अशी सही 2011 मध्ये केली. आजोबा गेले होते. वारस नोंदीच्या वेळी घरात बोलणं झालं ते एवढंच, की "बहिणीनं वाटा घेतला तर माहेर तुटतं." तिला जमीन हवी होती की नाही, हे कोणी विचारलं नाही. त्या सहीचा फायदा माझ्या वडिलांना झाला, म्हणजे माझ्या शिक्षणालाही झाला. फुई सुरतेला उधन्यात राहते, फुवा, म्हणजे तिचा नवरा, लूमवर होते. आजी होती तोवर दर आखाजीला मुराळी गेला. आजी गेल्यावर दोन वर्षं रखडत गेला, तिसऱ्या वर्षी गेलाच नाही. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, जमीन दिल्याचं काही वाटत नाही, मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, आलं नाही याचं वाटतं.

तिचं हे बोलणं मी वर्गात सांगते, कारण मान फुकाचा असतो असं मुलांना वाटू नये. फुईला तो हवा होता. सासरी काही वाईट घडलं तर परत जायला एक दार आहे, हा आधार त्यात असतो. म्हणूनच बाया सही करतात; त्यांना हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. पण ज्या आधारासाठी तिनं हक्क सोडला, तो आधार आजीच्या हयातीवर उभा होता. आजी गेली तेव्हा फुईच्या हातात दोन्हींपैकी काहीच उरलं नव्हतं.

शांततेचा धडा इथेच येतो. 2011 नंतर आमच्या घरात एकदाही भांडण झालं नाही. मग तिथे शांतता होती का? नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी 1969 मध्ये यासाठी एक फरक मांडला, आणि शांतता शिक्षण आजही त्यावर उभं आहे. उघड मारहाण, भांडण, युद्ध नसणं ही एक शांतता. रचनेतच मुरलेला अन्याय नसणं ही दुसरी. पहिली असून दुसरी नसली, तर कोणीतरी गप्प बसून तिची किंमत भरत असतं. बायका किती गप्प आहेत यावरून घर किती शांत आहे हे मोजायची सवय आपल्याला फार जुनी आहे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवून गेलेल्या साने गुरुजींची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. वारकरी तिथे डोकं टेकवत. मान पूर्ण होता. पण चोखोबांच्याच जातीच्या माणसाला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. गुरुजींनी मे 1947 मध्ये त्यासाठी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा गावाची शांतता मोडली असं म्हणणारेही होते. दगड न उचलता, समोरच्याचा द्वेष न करता त्यांनी ती खोटी शांतता मोडली.

आता लिंगभाव. स्त्री-पुरुषाचं शरीर निसर्गानं दिलं. त्यांनी कसं वागावं याच्या अपेक्षा माणसांनी घातल्या, त्या अपेक्षा म्हणजे लिंगभाव. पाठ्यपुस्तकातली व्याख्या मुलं पाठ करतात आणि विसरतात. मी त्यांना एकच गोष्ट विचारते. भावानं वाटणी मागितली तर गाव त्याला काय म्हणतं? व्यवहार. बहिणीनं मागितली तर? लोभ. कृती तीच, कायदा तोच, शब्द वेगळा. पुरुषही यातून सुटत नाही. बहिणीला आपणहून वाटा देणाऱ्या भावाला "बायकोनं सांगितलं असेल" किंवा "अक्कल नाही" असं ऐकावं लागतं.

नेहमीचे आक्षेपही येतात. "लग्नात खर्च केला ना." हुंडा 1961 पासून गुन्हा आहे, आणि जेवणावळी म्हणजे वारसा नव्हे. "आईबापाला तर भाऊच सांभाळतो." 2007 च्या कायद्यानं आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे, हक्कासोबत जबाबदारीही घ्यायला हवी, हे मी मुलींना स्पष्ट सांगते. तिसरा आक्षेप खरा आहे: तीन एकर कोरडवाहूचे चार तुकडे केले तर कोणाचंच भागत नाही. पण त्यावर वाट आहे. जमीन भावानं कसावी, नाव सगळ्यांचं राहावं, उत्पन्नाचा किंवा किमतीचा हिस्सा ठरावा. तुकडे पडतात म्हणून नाव फक्त बहिणीचंच का कमी व्हावं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आणि जावई मागे लागून बायकोला वाटा मागायला लावतो, तोही हक्क नव्हे. खुशीनं घेणं किंवा खुशीनं सोडणं, दोन्ही तिचंच असायला हवं.

माझ्या वर्गात भिल्ल आणि पावरा मुली जास्त आहेत. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, हा कायदा आम्हाला लागू आहे का? 1956 च्या कायद्याचं कलम 2 सांगतं की केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते. पण सातपुड्यातल्या वनजमिनींना 2006 चा वनहक्क कायदा आहे, आणि विवाहित जोडप्याला मिळणारा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे काढायचा असं त्यात लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी तीन मुली घरचे पट्टे घेऊन आल्या आणि आईचं नाव बोटानं दाखवू लागल्या.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला 1986 मध्ये शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: नवऱ्यानं काही जमीन बायकोच्या नावे करावी. वरून पाहिलं तर हाही मानच, कारण देणारा नवरा. पण फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढलं की ती गोष्ट त्याच्या मर्जीची राहत नाही. मानाचा हक्क होतो तो असा, तलाठ्याच्या दप्तरात. म्हणून नाव कोणत्या रकान्यात आहे हेही पाहावं. कित्येक ठिकाणी बहिणींची नावं कब्जेदारांत, म्हणजे जमीनधारकांत, न येता 'इतर हक्क' या रकान्यात पडलेली दिसतात.

संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिलं कलम 'सर्व पुरुष' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी सुरू होत होतं. तिथल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हट्ट धरून त्या जागी 'सर्व माणसं' असं करून घेतलं. त्या मूळच्या सुरतेच्या. आमची तापी वाहत जिथे जाते आणि माझी फुई जिथे राहते, त्या गावच्या.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. भावानं हक्कसोडीचा कागद आणला. मी म्हटलं, "भाऊ, शेत तूच कर, पण नाव राहू दे." तो काही न बोलता उठून गेला. वारस नोंद झाली. आई, भाऊ आणि मी, तिघांचीही नावं लागली. त्या वर्षी आखाजीला मूळ आलं नाही. यंदा भाऊ स्वतः आला, सणाच्या आदल्या संध्याकाळी. नंदुरबारहून आम्ही रेल्वेनं अमळनेरकडे निघालो. दोंडाईचा गेलं, शिंदखेडा गेलं, दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. नरडाण्याला त्यानं दोन चहा घेतले, एक माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "यंदा कपाशी किती लावू?"