पाट कुठे फुटतो?

"गिराणात भाजी चिरलीस व्हय गं?" कोल्हापुरात, कसबा बावड्यातल्या एका घरी आजींनी सुनेला माझ्यादेखत विचारलं. गिराण म्हणजे ग्रहण; पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरलं की बाळात व्यंग येतं, असा समज. सुनेच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ, मुलगा. त्याच्या शूची धार पुढे न जाता खाली पडायची, कारण लघवीचं भोक शिश्नाच्या टोकाला नव्हतं, खालच्या अंगाला होतं.

हा हायपोस्पेडियास. साधारण २०० ते ३०० मुलग्यांत एकाला असतो. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूत्रमार्गाच्या दोन कडा मागून पुढे मिटत येतात. हे काम पुरुष संप्रेरकांच्या जोरावर चालतं. मिटणं जिथे थांबेल, तिथे भोक राहतं. ग्रहणाचा आणि विळीचा यात काडीचा संबंध नाही. त्या पोरीला जन्मभर बोल लावणं हा निव्वळ अन्याय आहे.

शस्त्रक्रिया बहुधा ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. अमेरिकन सर्जन वॉरन स्नॉडग्रास यांनी १९९४ साली मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते. मूत्रमार्गाची जी सपाट पट्टी उरलेली असते, तिला मधोमध उभा छेद द्यायचा. ती सैल होते, मग बारीक नळीभोवती गुंडाळून शिवायची. सर्जन डोळ्यांना भिंग लावून केसासारख्या धाग्याने टाके घालतात.

खरी परीक्षा पुढे असते. काही दिवसांनी आईला दिसतं, धार टोकातून येतेय, पण खाली मधेच एक थेंब चमकतोय. हा फिस्टुला, म्हणजे शिवणीतून फुटलेली गळतीची वाट. उसाला पाणी पाजणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे पाट तुंबला की मागे बांध कच्चा असेल तिथे फुटतो. नवं भोक भरून येताना आक्रसलं तर आतला दाब वाढतो आणि टाक्यांची रेघच कच्ची ठरते. म्हणून नुसती गळती बुजवून भागत नाही, आधी पुढची वाट मोकळी आहे का ते तपासावं लागतं.

दुसरं कारण शिवणीचं. नळीचे टाके आणि वरच्या कातडीचे टाके एकावर एक आले, तर लघवीला बाहेर यायला सरळ वाट मिळते. म्हणून दोन्हींच्या मधे डार्टॉस नावाचा, रक्तपुरवठा असलेला मऊ पापुद्रा अंथरतात. तो बहुतेकदा पुढच्या कातडीखालून घेतात. त्यामुळेच अशा बाळाची सुंता आधी करायची नाही. ती कातडी म्हणजे दुरुस्तीचं सामान आहे.

गळती राहिलीच, तर सूज उतरून कातडी मऊ व्हायला निदान ६ महिने थांबून मग दुरुस्ती करतात. त्या आईला मी सांगितलं, "ऑपरेशननंतर धार बारीक झाली किंवा बाळ कुंथायला लागलं, तर मोबाईलवर व्हिडिओ काढ आणि लगेच सर्जनना दाखव."