हळू उडणेही महागच

दाबोळीच्या ‘हंसा’ या नौदल तळावरून सागरी टेहळणीसाठी झेपावणारे डॉर्निअर 228 विमान समुद्रावर ठरलेल्या उंचीवर स्थिरावले की, त्याला त्याच उंचीवर आणि त्याच वेगाने उडत ठेवायला किती शक्ती लागते, याचा अंदाज साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येतो.

सपाट उड्डाणात पंखांचे उत्थापन (विमानाला वर उचलणारे बल) वजनाइतके आणि प्रॉपेलरचा रेटा हवेच्या ओढीइतका असतो. वस्तुमान 6,000 किलोग्रॅम धरले, तर वजन 58,800 न्यूटन भरते. उत्थापन ओढीच्या 10 पट मानल्यास ओढ 5,880 न्यूटन येते. तिला सेकंदाला 85 मीटर (ताशी 306 किलोमीटर) या वेगाने गुणले की 500 किलोवॉट. प्रॉपेलरमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो असे धरल्यास इंजिनांकडून 625 किलोवॉट, म्हणजे सुमारे 840 अश्वशक्ती घ्यावी लागते. या विमानाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रत्येकी 715 अश्वशक्तीची दोन इंजिने होती. उरलेली शक्ती चैनीची नव्हे: सेकंदाला 5 मीटर वर चढायचे म्हटले, तरी आणखी 490 अश्वशक्ती हवी.

मात्र 10 हे गुणोत्तर वेगानुसार बदलते. गोव्यात ज्याला आपण ‘पायलट’ म्हणतो, त्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याने वेग कमी केला की इंजिनावरचा भार कमी होतो. आकाशातल्या पायलटला ही सवलत एका मर्यादेपर्यंतच मिळते. हवा कापण्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर आठपट. परंतु वेग घटला की पंखांच्या तावडीत दर सेकंदाला कमी हवा सापडते, तेवढ्याच हवेला अधिक जोराने खाली ढकलून वजन पेलावे लागते आणि त्या खाली जाणाऱ्या हवेबरोबर ऊर्जाही निघून जाते. हा दुसरा खर्च वेगाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो.

दोन्ही खर्चांची बेरीज सर्वांत कमी असते, तो वेग किमान ओढीच्या वेगाच्या, म्हणजे ज्या वेगाला हवेची ओढ सर्वांत कमी असते त्याच्या, सुमारे 76 टक्के येतो. दूरचा पल्ला गाठायचा असेल, तर किमान ओढीच्या वेगाजवळ राहावे. टेहळणीत किलोमीटरांपेक्षा तास मोलाचे, म्हणून तिथे हा कमी वेग उपयोगी पडतो. त्याहूनही हळू जायचे, तर उंची टिकवण्यासाठी इंजिनाची शक्ती कमी नव्हे, वाढवावी लागते.