बैलाचं इंजेक्शन आणि गिधाडांचा निर्वंश

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सांगली जिल्ह्यातला खिलार जनावरांचा पट्टा. इथल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना विचारा. गावाबाहेर ओढून टाकलेल्या मढ्यावर गिधाडं कशी तुटून पडायची आणि संध्याकाळपर्यंत नुसता सापळा कसा उरायचा, ते सांगतील. जनावरं आजही मरतात, पण आभाळात गिधाडांच्या घिरट्या नाहीत. या पक्ष्यांवर कुणी बंदूक रोखली नव्हती. आजारी जनावराला बरं वाटावं म्हणून मायेने दिलेल्या औषधाने ते संपले, आणि हेच मनाला फार लागतं.

औषधाचं नाव डायक्लोफिनॅक. बैल लंगडू लागला, गाईला दगडी म्हणजे कासेची सूज झाली, की सूज आणि ठणका उतरवायला १९९०च्या दशकात हे स्वस्त इंजेक्शन सर्रास दिलं जाऊ लागलं. गुण यायचाही. पण त्यानंतर एक-दोन दिवसांत जनावर दगावलं, तर औषध मांसात आणि काळजात शिल्लक राहतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. पक्ष्यांच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडतो. मूत्रपिंडं थांबली की हे आम्ल रक्तात साचतं आणि हृदयावर, यकृतावर त्याचे स्फटिक धरतात. मेलेल्या गिधाडाचं पोट उघडलं तर आतले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांचा अभ्यास करून २००४ मध्ये हे दाखवून दिलं. त्याआधी संशय होता तो एखाद्या साथीच्या रोगावर.

पण मरणाऱ्या प्रत्येक जनावराला काही इंजेक्शन दिलेलं नसायचं. तशी गरजही नव्हती. १३० ते ७६० मढ्यांमागे एक विषारी निघालं तरी एवढा ऱ्हास व्हायला पुरेसं होतं, असं गणिताने दिसलं. कारण एकाच मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा बसतो. त्यात जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं जातात. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. हजारात एक उरलं.

मढी उघड्यावर कुजू लागली, कुत्री माजली आणि त्यातून माणसांत रोगराई वाढली. एरिक फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ मध्ये देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या. गिधाडांना तसेच घातक असलेले केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅम तीच सूज उतरवतं आणि गिधाडाला बाधत नाही. गोठ्यात डॉक्टर आले की ते नाव घेऊन मागता येतं.