शंभर अंशांची खोटी उडी

भट्टी ४०० अंशांवर स्थिर आहे आणि संगणकावरच्या आलेखात मध्येच ५०० अंशांचा सुळका दिसतो. पुढचं रीडिंग पुन्हा ४००. विटा-लोखंडाचा एवढा पसारा क्षणात शंभर अंश तापून पुन्हा निवत नसतो. म्हणजे उडी भट्टीची नाही, व्होल्टेजची आहे.

भट्टीतला सेन्सर म्हणजे थर्मोकपल, तापमानानुसार व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी. के प्रकारचा थर्मोकपल दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. शंभर अंशांचं सोंग आणायला जेमतेम ४ मिलिव्होल्ट पुरतात, आणि शेजारून तर २३० व्होल्टची केबल गेलेली असते!

बरेच जण लगेच सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर टाकून मोकळे होतात. मला ही घाई पटत नाही, कारण सुळका नेमका केव्हा येतो यावरूनच त्याचा उगम सापडतो. हीटरचा काँटॅक्टर, म्हणजे त्याची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकीय स्विच, सुटतानाच येत असेल, तर संशय त्याच्या कॉइलवर घ्यावा. कॉइलमधला प्रवाह अचानक तुटला की तिचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि २४ व्होल्टच्या कॉइलच्या टोकांवरही क्षणभर शेकडो व्होल्ट उभे राहू शकतात. कॉइल डीसी असेल तर तिच्यावर उलटा डायोड लावायचा, एसी असेल तर रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी. थर्मोकपलची वायर पॉवर केबलच्या ट्रेमधून बाहेर काढायची. ओलांडावीच लागली तर काटकोनात. शिल्ड, म्हणजे वायरवरचं धातूचं आवरण, सहसा एकाच टोकाला अर्थ करतात. दोन्ही टोकांना केली आणि दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला, तर शिल्डमधूनच प्रवाह वाहू लागतो.

कधी कधी मात्र दोष बाहेर नसतोच. रीडिंग घेणाऱ्या कार्डावर १६ चॅनेल असले तरी आत एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, बहुधा एकच असतो आणि मल्टिप्लेक्सर त्याला आळीपाळीने एकेक चॅनेल जोडून देतो. तेल मोजलेल्या मापानेच लगेच पाणी मोजावं, तसं इथे होतं: आतल्या कपॅसिटरवर आधीच्या चॅनेलचा विद्युतभार उरलेला असतो. शेजारच्या चॅनेलवर ९ व्होल्ट असतील आणि आपल्या सेन्सरचा रोध जास्त असेल, तर तो भार वेळेत निघून जात नाही. स्कॅनचा वेग कमी करून किंवा चॅनेलचा क्रम बदलून पाहा. सुळक्याची उंची बदलली, तर दुखणं इथलंच.

इनपुटची दोन्ही टोकं कार्डापाशीच एकमेकांना जोडून, म्हणजे शॉर्ट करून पाहण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. सुळके तरीही राहिले, तर कार्ड, त्याचा वीजपुरवठा किंवा ग्राउंड तपासावं. पण ते गेले म्हणून सगळा दोष वायरिंगवर टाकू नये. शॉर्ट केल्याने रोधही शून्यावर येतो आणि मल्टिप्लेक्सरची उष्टावळही नाहीशी होते.

एवढं करूनही एखादा सुळका उरलाच, तर फिल्टर जरूर वापरावा, फक्त सरासरीचा नको. ४००, ४०१, ५००, ४००, ४०१ यांची सरासरी ४२०.४ येते, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ४०१. सरासरीचा खरा उपयोग घरगुती विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीवर होतो. रीडिंग पूर्ण २० मिलिसेकंदांवर पसरून घेतलं, की तिचा वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना खाऊन टाकतात.